काउंटरवरची जंताची औषधं: चरणाऱ्या गुरांसाठी कोणतं घ्यावं, कोणतं दुकानातच राहू द्यावं

चाळीसगाव असो, शिरपूर असो की नवापूर, जनावरांच्या औषधांच्या दुकानात गिऱ्हाईक मागतं ते एकच: "जंतनं औषध द्या." कोणते जंत, जनावर किती किलोचं, गाभण आहे का, दुधात आहे का, हे ना गिऱ्हाईक सांगतं ना दुकानदार विचारतो. फळीवर पाच-सहा प्रकार उभे असतात. सगळ्यांवर गाईचं चित्र, बहुतेकांवर 'ब्रॉड स्पेक्ट्रम', म्हणजे नाना जंतांवर चालणारं. प्रत्यक्षात त्यातलं एक ज्या जंताला मारतं, त्याच जंताला शेजारचं शिवतही नाही.

हे परीक्षण त्या फळीचं आहे. कंपनी कोणती चांगली या वादात आम्ही पडलेलो नाही. एकाच घटकाची दहा नावं असतात, आणि फरक पडतो तो घटकाने, टक्केवारीने आणि मात्रेने. समोर धरलेली गुरं म्हणजे सकाळी दावं सोडलं की गायरानात, नदीकाठी नाहीतर सातपुड्याच्या उतारावर जाणारी आणि दिवेलागणीला परतणारी: गावठी गाई, बैलजोडी, म्हशी, वासरं, पारडी. बांधून ठेवलेल्या संकरित गाईंचा हिशोब वेगळा आहे.

अशा गुराच्या पोटात तीन वेगळी बिऱ्हाडं असतात. पहिलं गोलकृमींचं. त्यात सगळ्यात नडणारा हिमोन्कस. तो चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. मेलेल्या जनावराचं पोट उघडलं तर दोन-तीन सेंटिमीटरचे दोरे दिसतात: रक्ताने तांबडं आतडं आणि त्याभोवती पांढऱ्या बीजकोषाचा पीळ, जणू दोन रंगांचा दोरा वळला आहे. याने हगवण लागतेच असं नाही, पुष्कळदा शेण घट्टच असतं. पापणी मात्र पांढरी पडते आणि जबड्याखाली पाणी उतरतं. दुसरं बिऱ्हाड चपट्या कृमींचं. यकृतातला पानासारखा, आणि पहिल्या पोटातला डाळिंबाच्या दाण्यासारखा गुलाबी, टपोरा. तिसरं पट्टकृमींचं, ज्याचे तुकडे शेणावर शिजल्या भाताच्या शितांसारखे दिसतात आणि माणूस घाबरून दुकानात धावतो. मोठ्या जनावराला याचा त्रास तिघांत सगळ्यात कमी. जो दिसतो त्याचीच धास्ती जास्त, एवढाच त्याचा महिमा.

फेनबेंडाझोल

फळीवरची सगळ्यात भरवशाची वस्तू हीच. दीड ग्रॅमची गोळी सर्रास मिळते. पातळ औषध आणि पावडरही येते. 'पॅनाक्युर' हे नाव जुन्या लोकांच्या तोंडी बसलेलं आहे. चौथ्या पोटातले आणि आतड्यातले गोलकृमी, त्यांच्या अळ्या, आणि आवरणात निजून राहिलेल्या अळ्या या सगळ्यांवर चालतं.

हा निजण्याचा प्रकार खान्देशात विशेष महत्त्वाचा. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेला की उघड्या गायरानावरच्या अळ्या वाळून मरतात. जमीन जवळजवळ साफ होते. पण हिमोन्कस तोवर गुराच्या पोटात, चौथ्या पोटाच्या अस्तरात झोपून काढतो. रोहिणी-मृग बरसले, गवत फुटलं, की तो जागा होतो आणि एकेक मादी रोज हजारो अंडी शेणातून टाकते. ओल आणि ऊब मिळाली तर आठवडाभरात त्या अंड्यांतून गुराला लागण करणारी अळी तयार होऊन गवताच्या पात्यावर चढते. म्हणजे मेच्या शेवटी ते पहिल्या पावसादरम्यान दिलेली मात्रा थेट मूळ बियाण्यावर पडते. त्या वेळी निजलेल्या अळीवर न चालणारं औषध दिलं, तर पैसे गेले आणि जंत राहिले.

गाभण गाईला हे चालतं, ही दुसरी जमेची बाजू. तिसरी म्हणजे गोळीला फारशी चव नाही. कुस्करून गुळात कालवली किंवा दादरीच्या भाकरीत गुंडाळली की गाय मागे वळूनही बघत नाही. चावून खाल्ली तरी बिघडत नाही.

चूक होते ती 'एका जनावराला एक गोळी' या हिशोबात. लेबलावरची मात्रा बहुधा किलोला ५ मिलिग्रॅम असते. म्हणजे दीड ग्रॅमची गोळी ३०० किलोपर्यंत पुरते. डॉक्टर पुष्कळदा साडेसात मिलिग्रॅम लिहून देतात, तेव्हा तीच गोळी २०० किलोला पुरते. धडगाव-अक्कलकुवा भागातली डोंगरी गाय दोनशेच्या आत-बाहेर असते, तिला एक गोळी चालून जाते. नांगराचा दांडगा बैल चारशेच्या पुढे असतो, त्याला एका गोळीत निम्मी-पाऊण मात्राच मिळते. कच्च्या मात्रेत कमजोर जंत मरतात आणि चिवट उरतात. पुढच्या वर्षीची अंडी त्या चिवटांची.

वजनकाट्याची गरज नाही. शिंप्याची टेप पुरे. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्या, आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. उत्तर किलोत येतं. घेर ६० आणि लांबी ५० असलेली गाय साधारण २७० किलोची. घेर ७० आणि लांबी ५६ असलेला बैल ४१५ किलोचा. पुढचे सगळे आकडे याच दोन जनावरांवर मोजले आहेत. ५ मिलिग्रॅमच्या हिशोबात गाईला १,३५० मिलिग्रॅम, म्हणजे एक गोळी. बैलाला २,०७५, म्हणजे दीड गोळी. गाय सपाट जमिनीवर, चारही पाय सरळ ठेवून उभी असावी. मान खाली घालून चारा खाताना घेतलेलं माप फसवं निघतं.

कमी कुठे पडतं? चपट्या कृमींवर नेहमीच्या मात्रेत हे काहीच करत नाही. पट्टकृमीसाठी मात्रा वाढवावी लागते. तापीकाठच्या गुराला वर्षभर फक्त हेच देत राहिलात तर यकृत आतून पोखरलं जाईल आणि तुम्ही म्हणाल, "औषध तर दर तीन महिन्यांनी पाजतो."

अल्बेंडाझोल

सगळ्यात जास्त खपणारं आणि सगळ्यात जास्त चुकीचं पाजलं जाणारं. 'अल्बोमार' म्हणून मागतात. गोलकृमी आणि पट्टकृमीवर किलोला ७.५ मिलिग्रॅम, आणि वाढलेल्या यकृतकृमीवर १० मिलिग्रॅम. या दुसऱ्या गुणामुळे कागदावर ते फेनबेंडाझोलपेक्षा सरस दिसतं.

आता टक्केवारी. अडीच टक्क्यांच्या बाटलीत एका मिलीत २५ मिलिग्रॅम असतं. आपल्या २७० किलोच्या गाईला ७.५ च्या मात्रेत ८१ मिली लागतं, बैलाला १२५ मिली. म्हणजे १०० मिलीच्या बाटलीत बैल बसतच नाही, आणि यकृतकृमीसाठी त्याला १६६ मिली लागेल. तरी 'बैलाला एक बाटली' हा नियम गावोगाव चालतो. उलटा घोटाळा दहा टक्क्यांच्या बाटलीत होतो. तिच्यात मिलीला १०० मिलिग्रॅम. त्याच गाईला २० मिली पुरतं. ज्याचा हात जुन्या बाटलीवर बसलेला आहे तो ८० मिली ओततो आणि चौपट औषध देतो. बाटलीचा रंग, झाकण, चित्र सारखंच असतं. फरक बारीक अक्षरांतल्या एका आकड्याचा.

चौपट मात्रेने धडधाकट बैल सहसा दगावत नाही, पण नुकती फळलेली गाय असेल तर गोष्ट वेगळी. गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल देऊच नये. गर्भात व्यंग येण्याची किंवा गर्भ पडण्याची भीती असते. कृत्रिम रेतन केलेल्या गाईची तारीख कार्डावर असते. पण गायरानात वळू मोकळा फिरतो, तिथे गाय कधी फळली हे कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून चरणाऱ्या, वयात आलेल्या मादीला हे औषध आम्ही सुचवणार नाही. बैल, गोऱ्हे आणि खात्रीने पुढे गेलेली गाभण गाय, यांच्यापुरतं ठीक.

आणखी एक गोष्ट वस्तूच्या दर्जाची. हे औषध पाण्यात विरघळलेलं नसतं, ती लोंबती पूड असते. पत्र्याच्या दुकानात उन्हाळाभर उभी राहिलेली बाटली खाली दगडासारखी बसते. घेताना उलटी करून बघा. अर्धा मिनिट जोरात हलवूनही तळ सुटत नसेल तर परत द्या. तशीच पाजली तर पहिल्या जनावराला पाणी मिळतं आणि शेवटच्याला गोळा.

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन

गावात याला 'गोचिडाचं इंजेक्शन' म्हणतात. ज्यांच्या शोधातून हे औषध आलं त्या विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ साली नोबेल मिळालं, तेव्हा औषधाच्या मोठेपणाबद्दल वाद नाही. एक टक्क्याच्या इंजेक्शनात ५० किलोला १ मिली, तेही कातडीखाली. आपल्या गाईला साडेपाच मिलीच्या आसपास, बैलाला सव्वाआठ. मानेची किंवा खांद्यामागची सैल कातडी चिमटीत उचलून सुई आडवी घालायची. मांसात किंवा शिरेत नाही. गोलकृमी, निजलेल्या अळ्या, खरूज, उवा या सगळ्यांवर जोरदार.

मग तक्रार काय? एक, चपट्या आणि पट्टकृमींवर शून्य परिणाम. सोबत क्लोरसुलॉन असलेलं इंजेक्शन वाढलेल्या यकृतकृमीला मारतं, पण पहिल्या पोटातल्या गुलाबी दाण्याला तेही नाही. दोन, माणसाच्या पोटात जाणारं दूध देणाऱ्या गाई-म्हशीला हे देऊ नये. औषध चरबीत मुरतं आणि दुधात बरेच दिवस उतरतं. डेअरीला दूध घालणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात धरावं. तीन, गोचिडावर त्याचा असर जितका सांगतात तितका पुरा नाही. चार, शेणातून बाहेर पडलेलं औषध शेणकिड्यांच्या अळ्यांना मारतं. शेणाचा पो फोडून जमिनीत नेणारे तेच. ते नसले की पो आठवडेच्या आठवडे तसाच पडून राहतो, आणि जंताची अळी त्याच्या सावलीत सुखाने वाढते.

थोडक्यात, खरजेने पोळलेल्या भाकड गाईला किंवा बैलाला द्या. 'एकाच सुईत सगळं' म्हणून दर हंगामाला टोचण्याची ही वस्तू नाही.

ऑक्सिक्लोझानाइड आणि त्याचे भाऊबंद

नदीकाठच्या माणसाने फळीवर आधी हे चपट्या कृमींचं औषध शोधावं. काठावरचं गणित असं: दिवाळीनंतर गायरान वाळतं, कडबा पुरवून वापरायचा असतो, आणि हिरवं उरतं ते फक्त पाणी ओसरलेल्या पट्ट्यात. हतनूर आणि उकाई धरणांच्या फुगवट्याचा काठ, गिरणेच्या डोहांभोवतीचं गवत, पाटाची पाझरती कड, नवापूरकडची भातखाचरं. त्याच ओलीत गोगलगायी असतात. यकृतकृमी पोसणारी गोगलगाय टोकदार, पातळ कवचाची. पोटातल्या गुलाबी कृमीची चकलीसारखी चपटी गुंडाळलेली. त्यांच्यातून निघालेलं कृमीचं बी, टाचणीच्या डोक्याहूनही बारीक, गवताच्या बुडख्याला चिकटून बसतं आणि गुरू ते गवतासकट खातं. ओल्या खाचरातून कापलेल्या भाताच्या पेंढ्याचं बूडही त्यातलंच. बुडखा वीतभर सोडून वरचा पेंढा घातला आणि उरलेला नीट वाळवून मगच वापरला, तरी धोका बराच कमी होतो.

पोटात गेलेला यकृतकृमी तीन-चार महिन्यांनी वाढतो आणि तेव्हा कुठे अंडी घालतो. ऑक्सिक्लोझानाइड मारतं ते वाढलेल्यालाच. म्हणून नोव्हेंबरात लागलेल्या कृमीला डिसेंबरात हे पाजून उपयोग नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्या, म्हणजे वाढलेले पडतील आणि पावसाळ्यात पाण्यात जाणारी अंडीही थांबतील. आधीच खंगलेलं जनावर असेल आणि कोवळे कृमीही मारायचे असतील तर ट्रायक्लाबेंडाझोल, किलोला १२ मिलिग्रॅम. महाग आहे, सगळीकडे मिळत नाही, दुधातल्या जनावराला चालत नाही आणि पोटातल्या गुलाबी कृमीवर लागू पडत नाही. पण यकृतकृमीच्या कोवळ्या पिल्लांवर याच्या तोडीचं फळीवर दुसरं नाही.

दुकानात ऑक्सिक्लोझानाइड बरेचदा लेव्हामिसोलसोबत येतं. तीन टक्के आणि दीड टक्का हे प्रमाण असेल तर हिशोब सोपा: दोन किलोला एक मिली. गाईला १३५ मिली, बैलाला २०७. त्यात ऑक्सिक्लोझानाइड किलोला १५ आणि लेव्हामिसोल साडेसात मिलिग्रॅम पडतं. दुसऱ्या प्रमाणाची बाटली असेल तर लेबल वाचून पुन्हा मोजा. पाजल्यावर एक-दोन दिवस शेण पातळ होतं, वैरण थोडी कमी खाते, दूध थोडं उतरतं. घाबरायचं कारण नाही.

घाबरायचं ते लेव्हामिसोलला. याची बरोबर मात्रा आणि जास्त मात्रा यांत अंतर थोडं आहे. अंदाजाने ओतलं की तासाभरात लाळ गळते, अंग थरथरतं, जनावर ओठ चाटत राहतं, आडवंही पडतं. ज्या दिवशी गोचिडासाठी ऑर्गॅनोफॉस्फरस गटातलं औषध फवारलं असेल, त्या दिवशी आणि त्याच्या पुढे-मागे काही दिवस हे देऊ नका. दोन्ही मिळून विषबाधा वाढते. शिवाय निजलेल्या हिमोन्कसवर लेव्हामिसोल कमजोर आहे. म्हणून पावसाआधीची गोळी वेगळी आणि काठावरची बाटली वेगळी.

पहिल्या पोटातल्या कृमीची कोवळी पिल्लं लहान आतड्याला चिकटतात, तेव्हा पाण्यासारखी, घाण वासाची हगवण लागते. त्या वेळी शेणात अंडी सापडत नाहीत, कारण पिल्लं अंडी घालत नाहीत. तपासणी 'निल' आली म्हणून जनावर सोडून देऊ नका. काठावर चरलेलं आहे, हगवण थांबत नाही, एवढ्यावरच डॉक्टर ऑक्सिक्लोझानाइडच्या मोठ्या मात्रेच्या दोन पाळ्या लावतात. ते काम काउंटरवर करायचं नाही.

पारडी आणि वासरं

म्हशीच्या पारडाचा जंत गवतातून येत नाही, आईच्या दुधातून येतो. टॉक्सोकॅरा त्याचं नाव. म्हशीच्या अंगात अळी झोपलेली असते आणि व्यायल्यावर चिकातून, दुधातून पिल्लाच्या पोटात उतरते. तीन आठवड्यांत वीतभर लांबीचे जंत तयार. शेण मातकट पांढरं, आंबूस घाण वासाचं. पोट नगाऱ्यासारखं आणि बरगड्या मोजता येतील अशा. 'दूध पचत नाही' म्हणून दूध कमी करतात आणि पारडू आणखी खंगतं.

इथे पायपरॅझिन ही जुनी, स्वस्त वस्तू अजून उत्तम काम देते. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पहिली मात्रा, महिन्याने दुसरी. किलोला २०० मिलिग्रॅमच्या आसपास धरलं तर २५ किलोच्या पारडाला ५ ग्रॅम. ४५ टक्क्यांच्या द्रावणात ते ११ मिली होतं. दोन महिन्यांचं, पोट तट्ट फुगलेलं पारडू आलं तर मात्र एकदम पूर्ण मात्रा मारण्याआधी डॉक्टरला दाखवा. मेलेल्या जंतांचा गुंता आतड्यात अडकू शकतो. मोठ्या गाईच्या जंतांसाठी पायपरॅझिन मागू नका, तिथे ते जवळपास निरुपयोगी.

आणि रक्ताची, आवेची हगवण, कुंथणारं दोन-चार महिन्यांचं वासरू: तो बहुधा जंत नसून कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातला डोळ्याला न दिसणारा एकपेशी जीव असतो. फळीवरचं एकही जंताचं औषध त्याला लागू नाही. त्याला अँप्रोलियम किंवा सल्फा लागतं, आणि ओला गोठा कोरडा करावा लागतो.

पळसपापडी आणि ढेपेत मिसळायच्या पुड्या

सातपुड्यात पळसाला तोटा नाही. पळसाच्या बियांत पॅलासोनिन नावाचा जंतांवर चालणारा घटक खरोखर आहे. म्हाताऱ्यांचं म्हणणं हवेतलं नाही. अडचण मोजमापाची. कोणत्या झाडाच्या, किती वाळलेल्या बियांत तो किती उतरेल याचा भरवसा नाही, आणि गाभण जनावराला पळसबी टाळलेलीच बरी. काठावरच्या यकृतकृमीसाठी पळसपापडीवर विसंबू नका.

सरकी ढेपेत मिसळायच्या पुड्यांबद्दल एकच: दहा गुरांच्या गव्हाणीत दहा मात्रा टाकल्या तर दांडगी गाय तीन खाते आणि ज्या मरतुकडीसाठी आणलं तिला चाटायला उरतं. वेगवेगळ्या घमेल्यात देणार असाल तरच घ्या.

पाजण्याची रीत

अर्धं यश हातात असतं. नळकांडं किंवा प्लॅस्टिकची बाटली घ्या, काचेची नको. दाढेखाली फुटते. जनावराचं तोंड उचला, पण नाकपुडी डोळ्याच्या रेषेच्या वर जाऊ देऊ नका. जीभ ओढून धरायची नाही. ओढलेल्या जिभेने गिळता येत नाही आणि औषध श्वासनळीत जातं. ओठांच्या कोपऱ्यात दात नसलेली मोकळी जागा असते, तिथून नळी आत सरकवून जिभेच्या मागच्या भागावर थोडं थोडं सोडा आणि प्रत्येक घोट गिळू द्या. ठसका लागला की लगेच मान खाली सोडा. 'औषध उष्ण पडलं' म्हणून चार दिवसांनी जे जनावर धापा टाकत मरतं, त्याच्या फुप्फुसात पुष्कळदा हेच औषध गेलेलं असतं.

दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, ते लेबलावर छापलेलं असतं. तेवढे दिवस ते वासराखेरीज कोणालाही नको.

शेण तपासणी: फळीवर नसलेली वस्तू

या सगळ्यात खरी किफायतशीर गोष्ट दुकानात मिळत नाही, पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते. नमुना जमिनीवरचा नको. हातात प्लॅस्टिकची पिशवी उलटी घालून गुदद्वारातून लिंबाएवढं शेण काढा, पिशवी तशीच पलटा, हवा काढून गाठ मारा. जनावराचं नाव किंवा खूण वर लिहा. ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी पोचवा. खान्देशच्या उन्हात दिवसभर मोटरसायकलच्या डिकीत राहिलेल्या नमुन्यातली अंडी फुटून अळ्या होतात आणि मोजणी चुकते.

सेवेतली उणीव अशी की घाईच्या वेळी काचेवर शेणाचा ठिपका लावून सरळ बघतात. त्यात थोडी अंडी असली तर निसटतात. विचारायचं ते हे: गोलकृमीसाठी मिठाच्या पाण्यात तरंगवून पाहिलं का? आणि चपट्या कृमीसाठी तळ बसवून पाहिलं का? लिटरभर पाण्यात साधारण ४०० ग्रॅम मीठ विरघळवलं की गोलकृमीची अंडी वर येतात. चपट्या कृमीची अंडी जड असतात, ती त्यात वर येत नाहीत. फक्त तरंगवून दिलेला 'निल' हा काठावरच्या गुरासाठी निल नव्हे. तळाच्या थेंबात सोनेरी-पिवळं मोठं अंडं दिसलं तर यकृतकृमी. तशाच आकाराचं पण बिनरंगी, पारदर्शक असेल तर पोटातला. 'वन नाइन सिक्स टू' म्हणजे १९६२ क्रमांकावर फिरता दवाखाना बोलावता येतो, तेव्हा डॉक्टर आलेच आहेत तर पापणीही दाखवून घ्या. पांढरी पापणी गोचिडतापानेही होते, आणि गळ्याच्या पोळीत उतरलेलं पाणी गिळलेल्या तारेनेही. त्यावर जंताचं औषध ओतणं म्हणजे दिवस घालवणं.

कोणाला पाजायचं, हा शेवटचा हिशोब. दर तीन महिन्यांनी सगळ्या गोठ्याला सरसकट, ही चाल सोडा. पोळ्याला बैल चकचकीत दिसावा म्हणून ओतलेली बाटलीही त्यातच आली. दादरीचा कडबा आणि ढेप खाणारा, चारेक वर्षं पार केलेला सुदृढ बैल जंत पोटात ठेवूनही निभावतो. त्याच्या शेणातली औषध न पाहिलेली अंडी गायरानात राहिली तर चिवट जंतांची पैदास पातळ होते. औषध लागतं ते वर्षाच्या आतल्या वासरांना, पहिल्या पावसाळ्यात चरायला निघालेल्या कालवडी-गोऱ्ह्यांना, विण्याच्या सुमाराच्या गाईला आणि कळपात मागे पडणाऱ्याला. सकाळचं दंव सुकल्यावर गुरं सोडली आणि डबक्याऐवजी विहिरीच्या हाळावर पाणी पाजलं, तर निम्म्या बाटल्या वाचतात.

आणि औषध लागू पडलं की नाही ते केसांच्या चमकेवरून ठरवू नका. पाजण्याच्या दिवशी एक नमुना आणि बरोबर चौदाव्या दिवशी दुसरा, त्याच जनावरांचा. अंडी शंभराला पाचाच्या आत उरली तर औषध चोख. निम्म्यावर अडकली तर आधी टेप, टक्केवारी आणि बाटलीचा तळ तपासा. ते सगळं बरोबर निघालं तर औषध बदला, पण पॅनाक्युर सोडून अल्बोमार घेतलं म्हणजे बदललं असं नाही. ती दोन्ही एकाच घरातली, एकाला सरावलेला जंत दुसऱ्यालाही दाद देत नाही. लेव्हामिसोल किंवा आयव्हरमेक्टिनकडे जावं लागतं, आणि दुधातल्या गाईसाठी त्यातलं कोणतं, हे डॉक्टरला विचारूनच.